प्रश्नपत्रिका घरी ठेवा आणि मंगळवारी निघा

प्रश्न : ताई, आम्ही पुण्यात राहतो. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सहाची. दोन वर्षांपूर्वी मुलाची शाळा थांबवली, मुलीला शाळेत घातलंच नाही. दोघंही घरीच शिकतात. मी नोकरी सोडली, नवऱ्याचं काम घरून चालतं. चार भिंतींबाहेरचं शिकायला मिळावं म्हणून आम्ही भरपूर फिरतो. गेल्या वर्षात दिवाळी, नाताळ आणि मेच्या सुट्ट्यांत हंपी, जयपूर-जोधपूर, केरळ आणि ताडोबा झालं. प्रत्येक सहलीआधी मी माहिती काढते, वीस-पंचवीस प्रश्नांचा कागद तयार करते आणि परत आल्यावर मुलांकडून प्रकल्पवही करून घेते. एवढं करूनही हंपीला दुसऱ्या दिवशी मुलगा खोलीतून बाहेर यायला तयार नव्हता. आता बॅगा काढल्या की म्हणतो, “मला नको कुठे.” मुलगी कुठेही नेली तरी दगड-माती घेऊन बसते, समोर काय आहे ते बघतही नाही. सासरे निवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट, आमच्याकडेच असतात. ते म्हणतात, “पर्यटनाला शिक्षण म्हणू नका, पोराची दहावी बघता बघता येईल.” नवऱ्याच्या डोक्यात आता गाडीने दोन महिने हिमालय आहे, गाडीच्या टपावर बसवायचा तंबूही घ्यायचा म्हणतो. पैसा पाण्यासारखा चाललाय. सहली कशा आखू म्हणजे मुलं त्यातून शिकतील? आणि सासऱ्यांना काय उत्तर देऊ? नमुन्यादाखल हंपीचा कागद सोबत जोडतेय.
– एक दमलेली आई

उत्तर : हंपीचा कागद जोडलात ते बरं केलंत, मला फारसे अंदाज बांधावे लागले नाहीत. तालिकोटची लढाई कोणत्या साली झाली? तुंगभद्रेचं जुनं नाव काय? विठ्ठल मंदिराच्या आवारातला रथ कोणत्या दगडाचा? प्रश्न चुकीचा एकही नाही. पण यातल्या एकाचंही उत्तर शोधायला हंपीला जावं लागत नाही. १५६५, पंपा, ग्रॅनाइट. हे पुण्यात पोळी लाटता लाटता सांगता आलं असतं.

जे हंपीलाच बघायला मिळतं ते तुमच्या कागदावर नाही. तिथे मैलोन् मैल गोलसर धोंडे एकावर एक तोललेले दिसतात, आता पडतील की मग पडतील असे. ते कुणी रचलेले नाहीत आणि कुठून गडगडतही आलेले नाहीत. एकसंध ग्रॅनाइटला आडव्या-उभ्या भेगा पडल्या, भेगांत पाणी मुरलं, प्रत्येक ठोकळ्याचे कोपरे आधी झिजले, मधली भुसभुशीत माती वाहून गेली आणि गोटे जागच्या जागी उरले. तुमची लेक तिथे दगड घेऊन बसली होती म्हणता. हंपीत जाऊन दगड न बघणाऱ्यांतली ती नव्हे, एवढंच मी म्हणेन. तिला उठवून रथाची चाकं मोजायला नेलं ते तुम्ही.

आता मुलाकडे येते. शाळेतून काढलेलं पोर आहे ते. शाळा त्याच्यामागोमाग हंपीपर्यंत आली, तीही उन्हातान्हात, आणि बाई म्हणून आईच. खोलीतून न निघणं हा मला त्याचा शहाणपणाच वाटतो. पुढचे काही आठवडे त्याला कुठेही नेऊ नका. बोलावू नका, पटवू नका, “मग बस घरी” असं टोचूनही बोलू नका. नंतर जेव्हा निघाल तेव्हा ठिकाण त्याला निवडू द्या. तो कदाचित मामाचं गाव निवडेल किंवा क्रिकेटचा सामना. चालेल. आणि प्रकल्पवही बंद. कमी प्रश्नांची, रंगीत, मजेशीर, कसलीही नको. त्याने आपणहून कागद मागितला तर हातात द्या आणि तिथून उठा.

तुमचा मूळ प्रश्न सहली कशा आखायच्या हा आहे. माझं मत असं की मुलं बरोबर असतील तर ठिकाणं कमी करावीत आणि त्याच त्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जावं. चार राज्यं एका वर्षात बघून मुलांच्या हाती हॉटेलांचे जिने आणि गाडीच्या खिडक्या लागतात. निसर्ग एका भेटीत कळत नाही, कारण त्याचं निम्मं काम मधल्या दिवसांत चालतं.

तुम्ही पुण्यातल्या आहात म्हणजे वेताळ टेकडी, तळजाई, पाचगाव पर्वती यांपैकी काहीतरी रिक्षाच्या अंतरावर असणार. आठवड्यातला एक वार टेकडीचा ठेवा. वाट तीच, बसायचा दगडही तोच. माघ-फाल्गुनात गणेराची झाडं पान नसताना नुसत्या पिवळ्या फुलांनी भरतात. मे महिना संपता संपता पावशा ओरडायला लागतो, ‘पेर्ते व्हा’ म्हणून, आणि त्याच सुमाराला आफ्रिकेकडून येणारा चातक दिसू शकतो. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी जमिनीवर लाल मखमलीचे ठिपके चालायला लागतात. ते मृगाचे किडे. वर्षातून थोडेच दिवस दिसतात आणि ज्याची टेकडी ठरलेली आहे त्यालाच सापडतात. हातावर घेतला तर काही करत नाही, पाय आखडून गप्प बसतो. मुलीला आठ पाय मोजता येतील. मग ‘किडा’ म्हणतात पण हा कोळ्याच्या भाऊबंदांतला, हे तुम्ही तिला सांगा किंवा सांगू नका. मोर मात्र दर वेळी दिसेलच असं नाही, आणि दिसला नाही तर हिरमुसायचं कारणही नाही.

वर्षातून एकदा कोकण. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या सासऱ्यांचा प्रश्नही मला इथेच सुटताना दिसतोय.

फेब्रुवारी-मार्चमध्ये दापोलीकडे जा. कर्दे, मुरूड, आंजर्ले, कुठलंही एक गाव धरा आणि चार-पाच रात्री एकाच घरी राहा. रोज गाव बदलायचं नाही, ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर’ असं म्हणायचं नाही. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर गेलात की हजारो बारीक गोळ्या पसरलेल्या दिसतील, मोहरीपेक्षा मोठ्या, वाटाण्यापेक्षा लहान. जरा मागे सरून बघितलं तर त्या एका भोकापासून चहूकडे रांगांनी निघालेल्या असतात. दहा मिनिटं हललं नाही तर कारागीर बाहेर येतो. नखाएवढा खेकडा. चिमट्याने वाळू उचलून तोंडाशी नेतो, त्यातलं शेवाळ आणि बारीकसारीक खाण्याजोगं काढून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी वळतो आणि पायांमधून मागे ढकलतो. पुढे एक पाऊल, पुन्हा तेच. तुमची सावली अंगावर पडली की आत गडप. रांगा मधूनच तुटलेल्या दिसल्या तर तिथून कुणीतरी चालत गेलंय असं समजायचं. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला तो पहिल्यापासून सुरू करतो. तुमची सहा वर्षांची मुलगी हे तासभर बघेल, मी पैजेवर सांगते. मुलगा लांब उभा राहील आणि थोड्या वेळाने येऊन विचारेल की याला भरती येणार हे कळतं कसं? तुम्हाला उत्तर माहीत नसेल तर “मलाही माहीत नाही” म्हणा. आईला न येणारा प्रश्न हाती लागला की मुलं जोमाने कामाला लागतात.

आता सासरे. पर्यटनाला शिक्षण म्हणू नका हे त्यांचं म्हणणं मला पटतं. त्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका, कोकणात बरोबर घेऊन जा. त्यांच्या पिढीच्या शिक्षकांना पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे, तोंडपाठ असतात. आपल्या मुलांना ते कशाला लागणार म्हणून आपण ते सोडून दिले. किनाऱ्यावरची माणसं मात्र भरतीचा हिशोब पाऊणकीने करत आली आहेत. कॅलेंडरवरची तिथी घ्यायची, शुद्ध असो की वद्य, आणि तिची पाऊणपट करायची. जे येतं त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला. त्यात सव्वासहा तास मिळवा, सकाळी सव्वानऊच्या आसपास ओहोटी पूर्ण. अष्टमी असेल तर भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बारानंतर, डोक्यावर ऊन घेऊन. शिवाय अष्टमीला भांगाचं पाणी, समुद्र फार मागेही हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप लांब जातं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. म्हणजे लहान मुलं घेऊन खेकडे आणि खडकांतली डबकी बघायची तर तृतीया ते पंचमी हे दिवस सोयीचे. सहलीची तारीख आजोबांनाच काढू द्या.

मुलाला घड्याळ द्या आणि किनाऱ्यावर एक काठी रोवून पाणी कुठवर आलं ते लिहायला सांगा. सांगा म्हणजे एकदाच सांगा. हिशोब आणि समुद्र यांच्यात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडेल, गावागणिकही पडेल. भरती रोज साधारण अठ्ठेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते कारण चंद्र रोज तेवढा उशिरा येतो, आणि पाऊणकी मात्र पंचेचाळीसच मिनिटं धरते. ही तीन ते पाच मिनिटं पंधरवडाभर साठत जातात. हा हिशोब आजोबा-नातवाने वाळूवर बसून सोडवला तर अपूर्णांक, चंद्राच्या कला आणि पंचांग एका बैठकीत होतं, आणि त्यासाठी तुम्हाला कागद तयार करावा लागत नाही. तुम्ही तोवर नारळपाणी प्या.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. परीक्षेला बसायचं म्हणून ते इथून घाट चढून पायी साताऱ्याला गेले होते, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. ही गोष्ट सासऱ्यांना माहीत असणारच, त्यांनाच सांगू द्या. दहावीची चिंता असलेल्या माणसाने सांगितली की तिला वेगळीच चव येते. संध्याकाळी हर्णै बंदरावर माशांचा लिलाव असतो. तिथे कोणी शिकवत नाही आणि कोणाला वेळही नसतो, तरी मुलं डोळे विस्फारून उभी राहतात. चपला खराब होतील, होऊ द्या.

त्याच दिवसांत वेळास आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम उभं केलं. अंडी सुरक्षित जागी पुरतात, वर टोपली झाकतात, साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात आणि सकाळी किंवा संध्याकाळी त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात. पुढचं चालायचं त्यांचं त्यांनी. पिल्लू नर होणार की मादी हे वाळू किती तापली यावर ठरतं, हे दहा वर्षांच्या मुलाला ऐकवून बघा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल. पण पिल्लं रोज निघत नाहीत. एका सकाळसाठी पुण्याहून धावत गेलात आणि टोपलीखाली काहीच नसलं तर रडारड होते. दोन रात्री हाताशी ठेवा. आणि शनिवार-रविवारी जाऊ नका, पिल्लांपेक्षा मोबाईल जास्त असतात.

वाराचा हा मुद्दा तुम्ही वापरतच नाही आहात, याचं मला नवल वाटतं. होमस्कूलिंग करणाऱ्यांची सगळ्यात मोठी चैन म्हणजे मंगळवार. शाळा नाही, हजेरी नाही, तरी तुमच्या चारही सहली दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात झालेल्या दिसतात, सगळ्या जगाबरोबर, दुप्पट भाड्यात. कास पठार सप्टेंबरमधल्या रविवारी आणि सप्टेंबरमधल्या बुधवारी, ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. रविवारी रांगेत पुढच्याच्या पाठीकडे बघत चालावं लागतं. बुधवारी पोटावर पडता येतं, अर्थात आखलेल्या वाटेवरच, फुलांत नाही. आणि कासला खाली वाकण्याशिवाय गत्यंतर नाही, कारण जांभ्या कातळावर मातीचा जेमतेम थर, त्यात पोषण कमी, म्हणून सगळं बुटकं. सीतेची आसवं नावाचं निळं-जांभळं फूल दिसेल, नाव एवढं हळवं आणि झाड किडे खाणारं. ओल्या मातीतल्या बारीक पिशव्यांनी ते पाण्यातले जीव ओढून घेतं. दवबिंदू नावाची वनस्पती तर उघडपणे चिकट थेंब लावून बसलेली असते. मातीत नाही ते किड्यांतून मिळवायचं, एवढं कारण मुलांना पुरतं. टोपली कारवी मात्र सात वर्षांतून एकदा फुलते. ती नसलेल्या वर्षी गेलात तर पुढचा हिशोब मुलांनाच करू द्या. २०१२ पासून कास पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे, फुलांच्या हंगामात आधी ऑनलाइन नोंदणी लागते. खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवा, काही शे रुपयांत मिळतं. जयपूरच्या एका रात्रीच्या भाड्यात अशी डझनभर येतील.

काजव्यांचं तेच. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस जोरात लागण्याआधी, भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या बाजूला झाडंच्या झाडं लुकलुकतात. शनिवारी तिथे गाड्यांची रांग लागते आणि हेडलाइटच्या उजेडात काजवेच दिसत नाहीत. नर मादीला उजेडाने खूण करतो, आपण टॉर्च मारली की त्यांचं बोलणं बंद पडतं. गाडी गावात ठेवा, गावातलाच वाटाड्या घ्या, अंधारात अर्धा तास नुसते उभे राहा. टॉर्च हवी पायाखाली बघायला, तीही लाल जिलेटीन लावून आणि जमिनीकडे. भिगवणला जानेवारीत पहाटे गेलात तर उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब दिसतात. तिथल्या नाववाल्यांना पक्ष्यांची खोड न् खोड ठाऊक असते, तुम्ही गुगल उघडू नका, त्यांना विचारा.

ही एवढी ठिकाणं एका वर्षात करा असं मी मुळीच म्हणत नाही. टेकडी दर आठवड्याला, कोकण एकदा, बाकीच्यांतलं एखादं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी मुलं तुम्हाला वाट दाखवतात.

खर्चाचं बोलायचं तर एसटी विसरू नका. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धं. म्हणजे तुमच्या घरातले चौघं अर्ध्यात बसतात आणि पूर्ण तिकीट काढणारा एकटा तुमचा नवरा. त्याला हे सांगताना मजा येईल. सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही मिळतो. स्वारगेटहून दापोलीची गाडी पकडली की वळणावळणाचा घाट आणि खिडकीतून थांब्या-थांब्यावरची माणसं हे सगळं तिकिटातच येतं. मुलीला गाडी लागत असेल तर पुढची सीट आणि रिकाम्या पोटी नव्हे, हलकं खाऊन.

जपण्याच्या गोष्टींवर मात्र मी ऐकून घेणार नाही. पावसाळ्यात मुलांना धबधब्याच्या प्रवाहात उतरवायचं नाही, गुडघाभर पाणी असलं तरी. २०२४ च्या जूनअखेरीस लोणावळ्यात भुशी धरणामागे एकाच कुटुंबातली माणसं मुलांसकट वाहून गेली. वर डोंगरात कोसळलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही, पाणी एकदम येतं. जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी घातली असेल तर ती पाळायची, ‘तेवढं काही होत नाही’ म्हणायचं नाही. समुद्रात मुलं उतरताना गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय नाही, आणि ओहोटी लागलेली असताना तर नाहीच. कड्यांवर आणि लेण्यांत आग्या मोहोळं असतात, तिथे धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको. कोकणातल्या कातळावर फुरसं हा विषारी साप असतो, छोटासा आणि पालापाचोळ्यात न दिसणारा. बूट घालायचे, दगड उचलायचा तर हाताने नाही, काठीने आणि आपल्यापासून लांबची बाजू आधी. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, हातपाय न हलवता सरळ जवळच्या सरकारी रुग्णालयात. निघण्याआधीच ते कुठे आहे ते बघून ठेवा. तुमच्या तेवीस प्रश्नांपेक्षा हा एक जास्त कामाचा.

एक गोष्ट पत्रात नाही, पण मला ती सलते. दहा वर्षांच्या मुलाला सहलीत आई, बाप आणि धाकटी बहीण एवढीच सोबत आहे. या वयात मुलांना मुलं लागतात. घरी शिकणारं किंवा शाळेत जाणारं, कसंही, एखादं कुटुंब टेकडीला जोडून घ्या. दोनच कुटुंबं, जास्त झाली की त्याची कॉलनीची पिकनिक होते. त्याचं ‘नको’ निम्मं यानेच उतरेल असं मला वाटतं. कोकणात ज्या घरी उतराल तिथली पोरं संध्याकाळी खेळायला येतात, तेव्हा “चला, सूर्यास्त बघायचाय” म्हणून त्याला उठवू नका.

दहावीबद्दल सासऱ्यांना खरी माहिती द्या, ते शिक्षक आहेत, माहितीचा मान ठेवतील. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. त्याचं दहावं कलम मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतं, पण न घालणाऱ्या पालकांना शिक्षा सांगत नाही. होमस्कूलिंगला कायद्याने स्पष्ट मान्यता दिलेली नाही, हेही त्यांच्यापासून लपवू नका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची दहावी चौदा वर्षं पूर्ण झाली की देता येते. तुमच्या हाती चार वर्षं आहेत. तेवढ्यात गणित आणि भाषा रोज ठरलेल्या वेळी, घरी, टेबलावर बसून नीट झाली पाहिजे. ती सहलीत उरकायच्या मोहापायीच तुमचे ते कागद जन्माला आले असावेत असा मला संशय आहे. गणित सकाळी आजोबांकडे सोपवा. घरात निवृत्त शिक्षक असताना त्यांना विरोधी पक्षात बसवून ठेवलंय, हे काही बरं नाही. दहावीचा धाक त्यांना वाटतो कारण त्यांच्या हाती काहीच काम नाही.

उरला हिमालय. दोन महिने गाडीने म्हणजे पुण्याहून तीन-चार दिवस नुसता रस्ता, मग रोज नवा डोंगर, नवऱ्याचे रात्री हॉटेलच्या जिन्यात नेटवर्क शोधत कामाचे फोन, आणि मागच्या सीटवर ज्याला कुठेच जायचं नाहीये तो मुलगा. यंदा नको. पुढच्या वर्षी मुलगा तयार असेल तर तीन आठवडे, आगगाडीने चंडीगडपर्यंत आणि तिथून एकाच खोऱ्यात. हिमाचलातलं तीर्थन खोरं घ्या. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क तिथून जवळ, २०१४ पासून तोही जागतिक वारसा. नदीकाठच्या एका घरात राहायचं, एप्रिल-मेमध्ये, आणि रोज त्याच नदीवर जायचं. लेह नको. साडेतीन हजार मीटरवर लहान मुलांचं डोकं दुखतंय की ती नुसती कंटाळलीत हे पहिल्या दोन दिवसांत कुणालाच कळत नाही.

नवरा नाराज होईल. त्याला सांगा की मी हिमालय रद्द केलेला नाही, लहान केलाय. आणि गाडीच्या टपावर बसवायच्या त्या तंबूचा ॲडव्हान्स अजून भरला नसेल तर आजच थांबवा.